मागच्या रांगेवरचा उजेड

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतक्या पूर्वीची, की तेव्हा जनावरं माणसांसारखी बोलायची आणि डिजिटल कॅमेरे रानात करवंदांसारखे सापडायचे. ज्याला शंका असेल त्याने ती गोष्ट संपेपर्यंत खिशात ठेवावी.

त्या रानात एक चाल होती. उन्हाळा लागला की सगळे झरे आटायचे आणि एकच पाणवठा उरायचा. वाघापासून उंदरापर्यंत सगळ्यांना तिथेच यावं लागे. म्हणून दरवर्षी वाघोबांच्या गुहेत सगळी जनावरं जमायची आणि कराराचा फोटो निघायचा. फोटोत जो दिसेल त्याला पाणवठ्यावर कुणी खायचं नाही, आणि त्यानेही कुणाला खायचं नाही. जो दिसणार नाही, त्याला करार लागू नाही. साधा हिशेब.

फोटो काढायचं काम साळूबाईकडे होतं. साळूबाई म्हणजे एक साळिंदरीण. तिला स्वतःला फोटोत उभं राहता येत नसे, पण तिला कुणी खातही नसे. एक तर अंगभर काटे, आणि दुसरं म्हणजे तिला खाल्लं तर पुढच्या वर्षी फोटो कोण काढणार?

गुहेत बसायचं ते मानाप्रमाणे. वाघोबा पुढे, मग बिबट्या, मग रानगवा, असं करत करत ससे सगळ्यात मागे, भिंतीजवळच्या दगडी ओट्यावर. साळूबाईच्या कॅमेऱ्याच्या कपाळावर नखाएवढा फ्लॅश होता. तो बिचारा वाघोबांच्या मिशांपर्यंत पोचायचा आणि तिथेच दमायचा. मागच्या वर्षीच्या फोटोत वाघोबा झकास आले, आणि शेवटच्या रांगेत नुसता काळोख आला.

त्याच उन्हाळ्यात साळूबाईच्या शेजारणीचा, सशिणीचा नवरा पाणवठ्यावर गेला तो परतला नाही. सशीण तक्रार घेऊन गेली. वाघोबांनी फोटो तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, यात तुझा नवरा कुठला, ते दाखव. सशिणीने खूप वेळ पाहिलं आणि ती घरी परतली.

साळूबाईला ती एका शब्दाने बोलली नाही. उलट दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कंदमुळं घेऊन आली. ते साळूबाईला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. यंदा सशिणीची पिल्लं ओट्यावर उभी राहण्याएवढी झाली होती. ती फोटोत दिसलीच पाहिजेत, एवढं साळूबाईने मनाशी ठरवलं, आणि मोठा फ्लॅश घ्यायला ती वानरशेठच्या दुकानी गेली.

वानरशेठचं दुकान उंबराच्या फांदीवर होतं. त्याने आधी एक चकचकीत फ्लॅश काढला. हा स्वतःच उजेड मोजतो, स्वतःच कमीजास्त करतो, आपण नुसतं बटण दाबायचं, असं त्याने सांगितलं. किंमत विचारली तर म्हणाला, अंगावरचे सगळे काटे. त्या रानात साळूबाईचे काटेच नाण्यासारखे चालत.

साळूबाईने पाठीवरून हात फिरवला. सगळे काटे दिले तर ती साळिंदर न राहता एक मोठी घूस होणार होती. तरी पिल्लं डोळ्यांपुढे होती. ती म्हणाली, "देईन. पण आधी गुहेत नेऊन बघते."

"फ्लॅश घ्यायला आलीयस की जावई बघायला?" वानरशेठ म्हणाला.

"जावई वाईट निघाला तर मुलगी परत तरी येते, शेठ."

वानरशेठला हे पटलं. शिवाय गिऱ्हाईक जुनं होतं. तिने मूठभर काटे तारण ठेवले तेव्हा त्याने तो फ्लॅश बघायला दिला, आणि वर धूळ खात पडलेला दुसरा एक जुना फ्लॅश, नुसता ठोकळा, तोही दिला. याला अक्कल अजिबात नाही, सांगाल तेवढंच करतो, म्हणून शेपटीकडच्या चार काट्यांत पडेल, असं तो म्हणाला.

वाघोबा शिकारीला गेले होते तेवढ्यात साळूबाई गुहेत शिरली. त्यांच्या जागेवर तिने एक पिवळाधमक भोपळा ठेवला. सशीण पिल्लांना घेऊन मागच्या ओट्यावर उभी राहिली. आधी शहाणा फ्लॅश उडवला. त्याने समोर भोपळा पाहिला, भोपळ्यापुरता उजेड मोजला आणि काम संपवलं. भोपळा असा आला की त्याला मागण्या याव्यात. सशीण मात्र कुठेच नव्हती. त्या फ्लॅशला मागच्यांकडे बघ म्हणून सांगायची काहीतरी सोय होती म्हणे, पण त्याचं माहितीपुस्तक वानरशेठच्या पोरांनी खाल्लं होतं.

मग साळूबाईने ठोकळा हातात घेतला. त्याला एक फिरकी होती: पूर्ण उजेड, अर्धा, पाव, असं खाली खाली जाणारी. आणि पोटावर एक बारीक डोळा होता. दुसरा कुठलाही फ्लॅश उडालेला दिसला की त्या डोळ्याच्या इशाऱ्याने हाही उडायचा. म्हणजे याला कॅमेऱ्यावर बसवायची गरजच नव्हती. साळूबाईने तो ओट्याजवळच्या उंच कपारीत ठेवला, तोंड सशिणीकडे वळवलं, आणि कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश उडवला. त्याच क्षणी कपारीतला ठोकळाही उडाला.

पूर्ण उजेडात सशीण चुन्याची झाली, तिला नाक-डोळेच राहिले नाहीत. पाव केला तर ती पुन्हा अंधारात गेली. अर्ध्यावर मात्र सगळं दिसलं. कानांच्या शिरा दिसल्या, पिल्लांच्या मिशा दिसल्या. सशिणीने फोटो पाहिला आणि हळूच विचारलं, "साळूताई, हे मागच्या वर्षी जमलं असतं का गं?"

"असतं," साळूबाई म्हणाली. "तेव्हा मला फक्त वाघोबा चांगले यायला हवे होते."

सशिणीने पिल्लांना ओट्यावरून उतरवलं. मग साळूबाईने दुकानी जाऊन चार काटे मोजून दिले, शहाणा फ्लॅश परत करून तारण सोडवलं, आणि ठोकळ्याची एकच खोड पक्की ध्यानात ठेवली. एकदा उडाला की त्याला दम खायला वेळ लागे. पाठीवरचा लाल दिवा पुन्हा पेटेपर्यंत त्याला कितीही हाका मारा, तो उठत नसे.

कराराच्या दिवशी गुहा भरली. तरसाचा मान खरं तर दुसऱ्या रांगेतला, पण तो दरवर्षीसारखाच हात जोडून म्हणाला, मी आपला मागेच बरा, आणि सशांच्याही मागे कोपऱ्यात जाऊन बसला. किती हा साधेपणा, असं रानगवा डोळे पुसत म्हणाला.

वाघोबांनी आधी स्वतःचा एकट्याचा फोटो काढायला लावला. फ्लॅश उडाला, त्याबरोबर कपारीतला ठोकळाही उडाला आणि त्याचा दिवा विझला. आता कराराचा फोटो. तो एकदाच काढायचा, असा नियम होता.

"महाराज, उरकून घ्यावं," कोपऱ्यातून तरस म्हणाला. "जेवायची वेळ झाली."

साळूबाईने कपारीकडे पाहिलं. दिवा विझलेलाच होता. तिने कॅमेरा खाली घेतला.

"महाराज, आपली उजवी मिशी जरा उतरलीय."

वाघोबांनी मिशी सावरली. साळूबाईने मान तिरपी करून पाहिलं आणि म्हणाली, आता डावी उतरली. वाघोबांनी डावी वर केली. मग पुन्हा उजवी. मागे तरस चुळबुळत होता, पण वाघाच्या मिशीच्या आड कोण येणार? इतक्यात कपारीत लाल दिवा पेटला आणि साळूबाईने बटण दाबलं.

सगळे कॅमेऱ्याच्या पडद्याभोवती जमले. वाघोबा झकास आले होते, मिशा तर विशेषच. मागे सशीण आली होती, तिची सगळी पिल्लं आली होती. आणि पिल्लांच्या मागे, कोपऱ्यात, तोंडाला लाळ सुटलेली, नजर सगळ्यात गुबगुबीत पिल्लावर, असा तरस अगदी ठसठशीत आला होता.

त्याचा साधेपणा कशासाठी होता ते तेव्हा सगळ्यांना कळलं. दरवर्षी अंधारात बसायचं, फोटोत यायचं नाही, म्हणजे करार लागू नाही. यंदा तो आला होता. वाघोबांनी फोटो दोनदा पाहिला आणि म्हणाले, "तरसराव, दिसताय तुम्ही."

त्या उन्हाळ्यात तरसाला पाणवठ्यावर येऊन नुसतं पाणी पिऊन जावं लागलं. पहिल्या दिवशी तो आला तेव्हा सशिणीची पिल्लं काठावर पाणी पीत होती. ती थरथरली, पण पळाली नाहीत. सशीण मान न वळवता म्हणाली, "जरा मागे उभे राहा, भावोजी. तुम्हाला सवय आहे."

तरस मागे उभा राहिला.

तात्पर्य: वस्तू विकत घेताना तिला काय काय येतं ते मागाहून विचारावं, आपल्याला उजेड नक्की कुणावर पाडायचा आहे, ते आधी ठरवावं.