वाढवलेला बांध

फार पूर्वी शालिवती नगरीवर सुषेण नावाचा राजा राज्य करीत होता. त्या जन्मी बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. भद्रघोष हे त्यांचे नाव, आणि राज्यातल्या तलावांची व पाटांची देखरेख हे त्यांचे काम.

नगरीच्या वरच्या अंगाला राजाच्या आजोबांनी बांधलेला तलाव होता. लागोपाठ दोन वर्षे पावसाने ओढ दिली आणि तलावाचा तळ उघडा पडला. गुरे दावणीलाच मेली. घागरभर पाण्यासाठी माणसे हातघाईवर आली. ते पाहिल्यापासून राजाच्या जिवाला स्वस्थता नव्हती. जुना बांध आणखी सात हात उंच करायचा, म्हणजे दुप्पट पाणी मावेल, असे त्याने ठरवले.

भद्रघोष म्हणाले, "महाराज, बांध चढवण्यापेक्षा तळातला गाळ काढू. पाया जुन्या उंचीपुरताच आहे."

"गाळ काढायला किती दिवस लागतील?"

"तीन उन्हाळे."

"तहान तीन उन्हाळे थांबते का, अमात्य?"

बांध चढू लागला. राजा दिवसातून तीनदा निरोप्या धाडून विचारी, किती झाले? पावसाळ्याच्या तोंडावर सात हात पुरे झाले. जास्तीचे पाणी सोडणारा जुना सांडवाही राजाने बुजवला आणि दवंडी पिटवली, 'या तलावाचे पाणी जो वाहू देईल त्याचा हात तोडला जाईल.'

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. महिन्याभरात पाणी जुनी खूण ओलांडून वर गेले. नगरीत तोरणे लागली. भद्रघोष मात्र रोज बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. कशाची भीती वाटते ते त्यांना सांगता येत नव्हते. घरी बसले की उठावेसे वाटे, उठले की पाय पुन्हा बांधाकडे वळत.

बांधाच्या पायथ्याशी एक बारीक झरा पाझरत असे. तिथे वासुला नावाची म्हातारी परटीण कपडे धुवी. एके सकाळी तिने भद्रघोषांना हाक मारली.

"धनी, बांधकाम करणाऱ्या स्थपतींना तीनदा सांगितलं. ते हसतात. तुम्ही तरी बघा." तिने एक ओला शेला पसरून धरला. "चाळीस वर्षं इथं धुतेय. पाऊस कितीही पडो, हा झरा निवळशंख असतो. चार दिवस झाले, पांढरं कापड पिवळं निघतंय."

भद्रघोषांनी ओंजळ भरली आणि हात स्थिर ठेवले. पाणी निवळले तशी तळव्यावर माती बसली. ती बांधाच्या पोटातली चिकणमाती होती.

ती दाखवली तर स्थपती म्हणाला, "पावसाळ्यात कुठलं पाणी गढूळ नसतं?" तेही खोटे नव्हते. थोडे पाणी सोडू द्यावे, असा राजाकडे निरोप गेला. उत्तर आले, 'पाण्याला हात लावू नका.'

भद्रघोष झऱ्यापाशी परत आले. आपली चूक झाली, तर नगरीच्या तोंडचे पाणी आपणच ओतून टाकू. चूक झाली नाही, तर खालच्या वस्तीतली तीनशे घरे जातील. ते वासुलेला म्हणाले, "माई, मला खात्री असती तर बरं झालं असतं."

"तुमची खात्री होईल तेव्हा आम्ही नसू, धनी."

भद्रघोष उठले. "वस्ती टेकडीवर ने," असे तिला सांगून ते सांडव्याकडे गेले. मजुरांनी भीतीने कुदळी खाली ठेवल्या. भद्रघोषांनी पहार उचलली. "पहिला घाव माझा. हात जाईल तोही माझाच." त्यांचा घाव पडला तेव्हा मजूरही पुढे सरसावले.

दुपारी राजा घोडा फेकीत आला, तेव्हा नव्या पाण्यातले निम्मे वाहून गेले होते. "अमात्य, हे काय केलंत?"

भद्रघोषांनी उजवा हात पुढे केला. "महाराज, आज्ञा मला ठाऊक होती. हात घ्या. पण सांडवा आज बुजवू नका."

राजाने तलवार उपसली. तेवढ्यात एक मजूर ओरडला. उतरत्या पाण्यातून बांधाची आतली बाजू उघडी पडत होती, आणि तिथे वासरू शिरेल एवढे भगदाड दिसत होते. राजा घसरत खाली उतरला. त्याने भगदाडात खांद्यापर्यंत हात घातला. मूठ उघडली तेव्हा तिच्यात लोण्यासारखी मऊ माती होती.

त्याने वर पाहिले. टेकडीवर खालच्या वस्तीतली माणसे उभी होती. कोणाच्या डोक्यावर अंथरूण होते, कोणाच्या हातात शेळीचे दावे. राजाने तलवार म्यान केली.

मग तो म्हणाला, "गाळ काढायला तीन उन्हाळे ना?"

"सगळी नगरी लागली तर दोन."

"मला धरून मोजा."

भगदाड भरले, बांध जुन्या उंचीवर आणला, आणि दोन उन्हाळ्यांत तलाव खोल झाला. पूर्वीच्या दीडपट पाणी त्यात मावू लागले. गाळ शेतांत पडला. बांधाचे कोणतेही काम निघाले की राजा आधी वासुलेला बोलावू लागला.

विहाराच्या जुन्या भिंतींवर घाईघाईने मजला चढवू पाहणाऱ्या शोणक नावाच्या भिक्षूला त्याच्या गुरूंनी, शास्त्यांनी, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "शोणका, तेव्हाचा राजा सुषेण तू होतास. वासुला म्हणजे आजची भिक्षुणी रोहिता. अमात्य भद्रघोष मीच होतो. मन अस्वस्थ असतानाही लहान माणसाचे ऐकावे, आणि त्यातून जे कळेल त्याची किंमत स्वतः द्यावी, हीच प्रज्ञा."