जे दिसत नाहीत त्यांचे नाव

विषय : प्राण्यांच्या कार्टूनपटातील माकडाला मराठी आवाज देणाऱ्या श्रीमती शालन बोरवणकर यांचे नाव शेवटच्या नामावलीत घालण्याबाबत.

नावच नसल्याने पुढचे काम मागायला गेल्यावर बाईंवर कुणी विश्वास ठेवत नसे. म्हणून हा अर्ज. तो वाचून निर्माते धनवटेशेठ स्टुडिओतल्या सगळ्यांसमोर हसले.

"अहो ताई, पडद्यावर माकड दिसतं. तुम्ही कुठे दिसता? जो दिसत नाही, त्याचं नाव घालायची आमच्यात पद्धत नाही."

बाईंनी माकडाच्याच आवाजात विचारले, "मग शेठ, सुरुवातीला एवढ्या मोठ्या अक्षरांत तुमचं नाव येतं. सिनेमातलं तुम्ही कोणतं जनावर?"

ध्वनिमुद्रक तोंडावर हात धरून बाहेर पळाला. शेठनी अर्ज ठेवून घेतला.

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.