पहाटेची नक्कल

एका डोंगराळ मुलखात एकदा एक वृद्ध डॉक्टर आपल्या दवाखान्यांचा संसार सांभाळून होते. डोंगराच्या चारी अंगांना त्यांची लहान लहान केंद्रं पसरली होती. लोक त्यांना तात्या म्हणत. त्यांच्याकडे एक शिष्य आला. परदेशात संगणकविद्या शिकून, तिथली नोकरी नाकारून, आपल्या माणसांसाठी काही करायचं या ध्यासाने तो परतला होता.

आल्या आल्या त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक केंद्रातली सिस्टर औषध वापरलं की लगेच फोनवरून नोंद करीत असे, आणि ती सारी माहिती क्लाउडमधल्या एका मोठ्या कोठारात जमा होई. पण त्या कोठारात डोकावण्याची सोय कुणालाच नव्हती. शिष्याने माहितीचं विश्लेषण करणारं एक साधन आणलं, ते कोठाराला जोडलं आणि मुख्य केंद्राच्या भिंतीवर पडदा लावला. कुठल्या केंद्रात कोणतं औषध आहे हे आता बसल्या जागी दिसू लागलं. असेल तर हिरवं, नसेल तर लाल, शेजारी किती आहे तो आकडा.

ही जोडणी दोन प्रकारे करता येत होती. एका प्रकारात साधन दर वेळी कोठाराला विचारी आणि मगच उत्तर दाखवी. त्यात थोडं थांबावं लागे. दुसऱ्या प्रकारात ते पहाटे एकदा कोठाराची नक्कल काढून आणी आणि दिवसभर तीच दाखवी. पडदा डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडे. शिष्याने दुसरा प्रकार निवडला. थांबणं त्याला अन्यायासारखं वाटे. गरिबांनी आजवर पुष्कळ थांबून पाहिलं होतं.

तात्यांची एक रीत मात्र त्याला उमगत नसे. रोज सकाळी ते पिण्याच्या पाण्याचा हंडा शेवग्याच्या मुळाशी ओतून देत आणि झऱ्यावरून नवा भरून आणवीत. झरा बराच खाली होता.

"झाकलेलं पाणी आहे, तात्या. चांगलं आहे."

"शिळं आहे."

"पाणी कधी शिळं होतं का?"

"तुझ्या त्या बाटलीतलं होत नसेल बाबा. ते शिळंच जन्माला येतं," म्हणत तात्यांनी हंडा उपडा केला.

एका दुपारी तात्या दूरच्या पाड्यावर गेले असताना एक माणूस बायकोला पाठीवर घेऊन आला. भात लावताना तिला पान लागलं होतं. साप चावला असं त्या भागात कुणी तोंडाने म्हणत नाही. तिचं नाव हौसा. मुख्य केंद्रातल्या विषावरच्या कुप्या संपल्या होत्या; नवा साठा यायचा होता. शिष्याने पडद्याकडे पाहिलं. घाटापलीकडचं केंद्र हिरवं होतं. पायथ्याचंही हिरवं होतं, पण तिथे कुप्या कमी होत्या. त्याने हौसाला जीपमधून घाटापलीकडे पाठवायचं ठरवलं.

"हायेत ना तिथं नक्की, दादा?" नवऱ्याने विचारलं.

"हे काय, समोर दिसतंय."

नवऱ्यानेही पडद्याकडे पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण हिरवं त्यालाही दिसलं.

पलीकडच्या केंद्रातल्या कुप्या त्या सकाळीच एका गुराख्यासाठी लागल्या होत्या. सिस्टरने त्या वापरताच नोंद केली होती. कोठाराला ते ठाऊक होतं. पडद्याला ठाऊक नव्हतं. जीप मागे फिरली, पायथ्याकडे निघाली, आणि घाटाच्या उतारावर हौसा गेली.

शिष्याने तात्यांना सारं सांगितलं. आणखी कुणाला सांगण्याचं धैर्य त्याला झालं नाही.

दहावं उरकल्यावर एका सकाळी हौसाचा नवरा आला. तिला ज्यात गुंडाळून नेलं होतं ती केंद्राची चादर त्याने धुऊन, घडी करून आणली होती. ती ओट्यावर ठेवून तो म्हणाला, "तात्या, येक इचारायचं हुतं. पडद्यावर तर हुत्या कुप्या. म्या सोता बघितलं. मंग नेल्या कुणी? लोक म्हंत्यात, पलीकडच्या सिस्टरनं इकल्या. आमच्यातली पोरं आज तिच्या दारात जानार हायेत."

शिष्य ओट्याशीच उभा होता.

"त्याला पाणी दे," तात्या म्हणाले.

शिष्य हंड्यात तांब्या बुडवणार, तोच तात्या उठले. त्यांनी हंडा उचलला आणि शेवग्याला ओतला. "झऱ्यावरून आण."

दारात असा माणूस बसला असताना हे काय, असं शिष्याच्या मनात आलं. पण तो निघाला. धापा टाकत वर आला तेव्हा नवरा तसाच उकिडवा बसून होता. तात्यांनी पेला भरून त्याच्या हातात दिला आणि ते शिष्याकडे वळले.

"कालचं पाणी नासलेलं नसतं, हे मलाही कळतं. पण हंडा भरलेला असला की झरा वाहतोय की आटलाय, हे घरातल्या कुणाला कळत नाही. म्हणून माझी आई तो रोज रिता करायची. रोज झऱ्याची गाठ पडावी म्हणून. तुझा पडदा खोटं बोलला नाही रे. तो पहाटेचं खरं दुपारच्या माणसाला सांगत होता. बाकीचं मला सांगू नकोस. याला सांग."

शिष्य जमिनीवर बसला. कुप्या कुणी विकल्या नाहीत, सिस्टरने तेव्हाच लिहिलं होतं, पडदा पहाटेचा होता, हे सारं त्याने सांगितलं.

नवऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हंजी त्या कोठाराला ठावं हुतं."

"हो."

"आन त्याला इचारता आलं असतं."

"हो."

"लई येळ लागला असता का?"

शिष्याला वाटलं, हो म्हणावं. तेवढ्याने या माणसाला कदाचित बरं वाटेल.

"तुम्ही घोटभर पाणी प्याल, तेवढा," तो म्हणाला.

नवऱ्याने हातातल्या पेल्याकडे पाहिलं. मग तो न पिताच खाली ठेवला. "सिस्टरकडं जातो," तो उठत म्हणाला. "पोरं निघाली आसत्याल."

त्याच दिवशी शिष्याने जोडणी बदलली. साधन आता दर वेळी कोठाराला विचारतं. पडदा सावकाश उघडतो, लोक कुरकुर करतात, आणि शिष्य समोर उभा राहतो. तेवढ्या वेळात हौसा जिवंत असते. मग पडदा उघडतो.