गौराक्काची गोधडी आणि निमकरसाहेबांची पारख

खरं सांगा मंडळी, गोधडी पारखताना भरवसा कुणावर ठेवावा, चष्म्यावर की पाठीवर?

गावच्या प्रदर्शनात जिचा पहिला नंबर येईल, तिला वसतिगृहाच्या साठ गोधड्या शिवायचं काम मिळणार होतं. गौराक्काला ते हवंच होतं. हिवाळाभराची चूल त्यावर पेटणार होती. पण परीक्षक निमकरसाहेबांनी तिच्या गोधडीकडे लांबूनच बघत चष्मा सावरला. "टाके वाकडे, लुगडी विटकी. ती सरपंचीणबाईंची साटीनची बघा, कशी चकाकते!"

"साहेब, गोधडी भिंतीला टांगायची का अंगावर घ्यायची?" गौराक्कानं विचारलं.

"अंगावरच, अर्थात."

"मग घ्या की! घटकाभर ती, घटकाभर ही."

मंडपात हशा पिकला, साहेबांना नाही म्हणता येईना. थंडीच्या कडाक्यात ते तिथंच सतरंजीवर आडवे झाले. साटीनची गोधडी तीनदा घसरली, साहेब तीनदा कुडकुडत उठून बसले. मग त्यांनी गौराक्काची, जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी ओढून घेतली आणि पुढचा कार्यक्रम अर्धा तास खोळंबला.

जागे होताच साहेब गडबडीनं म्हणाले, "मी डोळे मिटून विचार करत होतो."

"व्हय साहेब," गौराक्का म्हणाली, "तुमचा इचार समद्या मंडपानं ऐकला."

साहेब ओशाळून हसले आणि पहिला नंबर तिला दिला. तेव्हा मंडळी, तुम्हीही कधी गुण द्यायला बसलात तर हिशेब खरा ठेवा: झोप जिच्या गोधडीत लागली, गुण तिच्याच नावावर मांडा.