भिवरामायची फणी

तुमच्या पणजीच्या पणजीला दुधाचे दात होते, तेव्हाची ही गोष्ट. सीताफळांच्या डोंगराखाली कवडदरा नावाचं गाव होतं. अजूनही आहे. त्या गावात भिवरामाय राहायची आणि शिसवाच्या लाकडाच्या फण्या करायची. तिच्या फणीचे दाते इतके बारीक, की ऊ तर सोडाच, लीखसुद्धा निसटायची नाही. एकदा कुणीतरी चुलीच्या धुरातून तिची फणी फिरवली, तर धुराच्या बटा मोकळ्या झाल्या, असं म्हणतात. धुराचं मला ठाऊक नाही. पण आसपासच्या गावांतल्या बाया आपल्या लेकींना घेऊन तिच्या ओट्यावर यायच्या, एवढं खरं.

पोर आली की भिवरामाय तिचं डोकं मांडीवर घ्यायची, तिच्यावर वाकायची आणि फणी चालवायची. हात अगदी मऊ. जिभेला मात्र हाड नव्हतं. ऊ सापडली की चार घरांना ऐकू जाईल अशी बोलायची, "उवा घाणीला येतात गं! जिच्या घरात केर, तिच्या डोक्यात वारूळ." आणि गाव मान डोलवायचं. ज्यांच्या पोरीच्या डोक्यात काही सापडलेलं नसायचं, ते जरा जास्तच डोलवायचे.

नागपंचमीला पोरी लिंबाखाली फेर धरायच्या, फुगड्या घालायच्या, झोके घ्यायच्या. आदल्या दिवशी भिवरामाय लिंबाखाली बसून एकेकीचं डोकं बघायची. डोक्यात काही नसलं तर ती पोर फेरात, असलं तर घरात. हा नियम कुणी केला ते कुणालाच आठवत नव्हतं, पण मोडायची छातीही कुणाची नव्हती.

त्या वर्षी धुरपता या नियमात अडली. गावची गुरं राखणाऱ्या गोदूची ही एकुलती एक लेक. केस गुडघ्यापर्यंत, रिठ्यानं धुतलेले. ती फुगडीला उभी राहिली की जोडीदारणीचे पाय जमिनीवरून सुटायचे आणि दोघी हातभर वर फिरायच्या, असं म्हणतात. वर्षभर गुरांमागे हिंडणारी पोर ती, पंचमीचा एक दिवस काय तो तिचा होता.

भिवरामायनं फणी फिरवली, ऊ अंगठ्याच्या नखावर घेतली आणि वर धरली. "बघा गं, गोदूच्या घरचा केर!"

रांगेतल्या पोरी किंचाळून मागे सरल्या. जणू ती ऊ आता उडी मारून त्यांच्या वेणीत शिरणार होती. ऊ बिचारी उडत नाही की उडी मारत नाही, ती आपली चालते. डोक्याला डोकं लागलं की या केसावरून त्या केसावर जाते. पण भिवरामायपुढे हे बोलणार कोण?

"रोज झाडते वो माय मी," गोदू म्हणाली. "परवाच न्हाऊ घातलंय तिला."

"मग नीट घाल की. सीताफळाच्या बिया वाट नि थाप डोक्याला. उद्या काही निघालं न्हाई तर घेते फेरात."

गुरं घरोघर सोडून गोदू परतली तोवर रात्र झाली, बिया वाटायच्या राहिल्या. आता, पंचमीला आपल्याकडे काही चिरत नाहीत, कुटत नाहीत, वाटत नाहीत. पाटा-वरवंटा भिंतीला उभा असतो. गोदूला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच? पण लिंबाखालून गाणी ऐकू यायला लागली आणि लेक उंबऱ्यात बसून पायानं ताल धरायला लागली. गोदूला ते बघवेना. तिनं पाटा आडवा केला, गेल्या साली वाळवलेल्या बिया वाटल्या आणि लेकीच्या डोक्याला थापल्या. दुपारी ओढ्यावर नेऊन डोकं धुतलं. लेप कपाळावरून ओघळला आणि डोळ्यांत गेला.

धुरपताच्या किंकाळीनं लिंबाच्या झोक्याचा दोर तुटला, असं म्हणतात. गोदू ओंजळी भरभरून पाणी मारत होती, पण आग विझेना. दिवाळीपर्यंत पोरीच्या दोन्ही डोळ्यांवर साय धरली आणि तिला दिसायचं बंद झालं.

"पंचमीला पाटा चालवला, नागोबा कोपला," गाव म्हणालं. गोदूच्या तोंडावर म्हणालं. पाणवठ्यावर बाया तिच्यापासून घागरी लांब ठेवायला लागल्या.

आणि भिवरामाय? तिला सगळं माहीत होतं. त्या बियांचं बोट एकदा तिच्याच डोळ्याला लागलं होतं, तेव्हा किती दिवस डोळा चुलीतल्या निखाऱ्यासारखा जळत होता. बिया सांगताना ते सांगायचं राहिलं. राहिलं ते राहिलं, पण आता नागोबावर आळ येतोय आणि शिव्या गोदू खातेय, तरी ही गप्प! मला तिचा राग येतो तो इथं. चूक कुणाच्याही हातून होते हो. पण आपल्या चुकीचं ओझं दुसरी वाहतेय, हे बघत ओट्यावर बसून कसं राहवलं असेल तिला?

त्या पंचमीपासून तिनं केलेल्या प्रत्येक फणीचे दाते आपोआप मोडायला लागले, असं म्हणतात. ज्वारी खळ्यावर येईपर्यंत तिच्या अंगणात मोडक्या दात्यांचा ढीग झाला. शेवटी एक फणी टिकली. ती घेऊन भिवरामाय गोदूच्या दारात गेली. गोदूनं दार अडवलं नाही, पण या असंही म्हटलं नाही.

भिवरामायनं धुरपताचं डोकं मांडीवर घेतलं. तेल लावलं, एकेक बट सुटी करून फणी चालवली, अगदी फणी रिकामी येईपर्यंत. मग धुरपता उठून बसली आणि म्हणाली, "आता तुमचं बघते."

"माजं?" भिवरामायला हसू आलं. "माज्या डोक्यात काय असतंय?"

अख्ख्या जन्मात तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. फणीवालीचं डोकं कोण बघणार? धुरपताची बोटं तिच्या केसांत शिरली, कानामागे गेली आणि थांबली. दोन नखांमध्ये चट्ट आवाज झाला. मग आणखी एकदा.

"माय, तुमच्या डोक्यात पन हायत की."

कितीतरी महिने भिवरामायचं डोकं खाजत होतं आणि ती त्याला उष्णता म्हणत होती. प्रत्येक पोरीवर ती वाकली होती. एकच फणी तिनं या डोक्यातून त्या डोक्यात फिरवली होती. ती तशीच मोकळ्या केसांनी उठली आणि पारावर गेली. सगळं गाव जमेपर्यंत उभी राहिली.

"नागोबाला नावं ठिवू नका," ती म्हणाली. "बिया म्या सांगितल्या. त्या डोळं जाळत्यात ते म्या सांगितलं न्हाई. नि पोरीच्या डोक्यात उवा गेल्या त्या माज्याच असतील."

"अगं, पन तू तर रोज न्हातीस," कुणीतरी म्हणालं.

"मी न्हाते. तीबी न्हात व्हती."

मग तिनं घराघराला वेगळी फणी करून दिली. बिया नाहीत, लेप नाही, लाजेपायी पोरीचं मुंडण नाही. तेल, फणी आणि धीर, एवढंच. एका डोक्यात सापडली की सगळी आळी बसायची. लिखा फुटतात, म्हणून आठवड्यानं पुन्हा बसायची.

दर पंचमीला भिवरामाय धुरपताचा हात धरून तिला लिंबाखाली आणायची आणि विचारायची, "धुरपते, माफ केलंस का गं?"

धुरपता म्हणायची, "फेर कसा चाललाय ते सांगा."

मग भिवरामाय सांगत बसायची. मरेपर्यंत तिनं विचारलं आणि मरेपर्यंत तिला तेच उत्तर मिळालं. काही म्हणतात, मनातून माफ केलं होतं. मला नाही वाटत. का करावं?

गोदूच्या दारातल्या सीताफळाला तेव्हापासून बी धरत नाही, असं म्हणतात. मी खाल्लंय ते फळ. बिया होत्या. पण गावात कुणी त्या साठवत नाही, खोल खड्ड्यात पुरतात.

आणि पंचमीच्या आदल्या दिवशी कवडदऱ्याच्या बाया अजून लिंबाखाली बसतात, आपापली फणी घेऊन. दुसरीच्या डोक्याला हात लावण्याआधी प्रत्येकीला म्हणावं लागतं, "आधी माझं बघ." त्याला भिवरामायचा शब्द म्हणतात. दुसऱ्या दिवशी फेर सुरू झाला की लिंबाच्या बुंध्याशी एक पाट रिकामा मांडतात. कुणीतरी एक बाई त्या पाटाशेजारी बसते आणि फेर संपेपर्यंत सांगत राहते, कुणाचं लुगडं हिरवं आहे, कोण पडलं, कोण हसलं, फुगडीत कुणाचे पाय जमिनीवरून सुटले.