खारीने मागितलेला अर्धा वाटा

वणव्यात निम्मे जळून गेलेल्या एका जंगलात, ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, एक खार आपल्या पिल्लांसह राहत असे. अलीकडच्या काठावर आता नुसती राख आणि काळे बुंधे उरले होते; पलीकडचा उंबर मात्र फळांनी लगडला होता. पाखरे उडून जात, माकडे उडी मारून जात. खारी, उंदीर, सरडे यांनी काय करायचे? काठावर बसून वास घ्यायचा! पिल्लांची पोटे खपाटीला गेली, तेव्हा खारीच्या मनात आले, 'ओढ्यावर वेलींचा पूल झाला तर?' कल्पना झकास होती. अडचण एवढीच, की खारीला विणकामातले ओ की ठो कळत नव्हते.

ओढ्यावर झुकल्यामुळे वणव्यातून वाचलेल्या बाभळीवर एक सुगरण पक्षी राहत असे. बाळांनो, या पक्ष्यांत घरटे विणतो तो नर. तो घरटे अर्धे विणून थांबतो. मादी येऊन पाहते, आणि तिला पसंत पडले तरच पुढचे विणतो. याच्या बाभळीवर नापसंत पडलेली अर्धीमुर्धी घरटी जागोजाग लटकत होती, पण त्याची ऐट काही कमी झाली नव्हती.

खार त्याला म्हणाली, "दादा, पुलाची कल्पना माझी, विणकाम तुमचे. पुलावरून येणारेजाणारे मोबदला म्हणून फळे ठेवतील, ती निम्मी निम्मी."

सुगरण पक्षी खो खो हसला. "अगं, कल्पना काय, या बाभळीखाली बसणाऱ्या प्रत्येकालाच सुचतात! तुला साधी गाठ तरी मारता येते का? मग निम्मे कशाचे मागतेस?"

पाणी प्यायला आलेल्या कोल्ह्यानेही शहाणपण पाजळले. "आधी दोन-चार वर्षे विणकाम शीक, मग पुलाच्या गोष्टी कर."

"आणि तोवर माझ्या पिल्लांनी राख खायची का?" खार फणकारली. तिला भयंकर राग आला होता, आणि का येऊ नये?

ती बिळाबिळांतून फिरली. पलीकडे कुणाला जायचे आहे, कुणाचे वजन किती, कुणाला कशाची भीती वाटते, सगळे विचारून आली. मग तिने माकडाची मनधरणी करून ओढ्याकाठी वाचलेल्या एका वेलीचे एक टोक पलीकडच्या फांदीत अडकवून घेतले आणि दुसरे टोक स्वतः बांधायला बसली. पण खारीची जात ती! गाठ घट्ट करायची म्हणून ती दातांनी कुरतडायची, आणि वेल तिथेच अर्धी तुटायची. पहिलाच उंदीर निघाला आणि मध्यावर धपकन पाण्यात पडला. भिजून चिंब झालेला उंदीर काठावर आला आणि म्हणाला, "खारूताई, पुन्हा बांध. मी पुन्हा येतो." तिने पुन्हा बांधली. ती तुटली, तिने आणखी बांधली. काठावर मात्र रांग वाढतच गेली.

बाभळीवरून हे पाहणाऱ्या सुगरण पक्ष्याला शेवटी राहवेना. वाईट गाठ पाहिली की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. "सर बाजूला!" म्हणत त्याने खाली येऊन चोचीने अशी गाठ घातली, की वेल हलेना. मग ती रांग पाहून तो मान वाकडी करून म्हणाला, "आता पूल माझा. तू वेली आणून दे. तुलाही देईन की खारीचा वाटा!"

खार शेपूट उभारून वेलीवर जाऊन बसली. "मुळीच नको! गाठ तुम्हाला येते, मान्य. पण उंदराला खालचे पाणी दिसले की घेरी येते, त्याला कठडा हवा, हे तुम्हाला ठाऊक होते? सरड्याला सावली हवी, हे ठाऊक होते? तुमची घरटी अर्धी का राहिली, सांगू? राहणारीला विचारायच्या आधीच तुम्ही विणायला बसता! निम्मे देत असाल तर विणा. नाहीतर माझा पूल रोज तुटेल आणि रोज मी तो बांधीन. पण तुमची हमाल व्हायची नाही."

सुगरण पक्ष्याने एकदा खारीकडे पाहिले, एकदा त्या रांगेकडे. त्याच्या विणकामासाठी आजवर कुणी असे ताटकळले नव्हते. तो खारीच्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "निम्मे कबूल. कठडा किती उंच हवा?"

"चला," खार म्हणाली, "उंदरालाच विचारू."

तात्पर्य : हाती कसब नाही म्हणून कसबी माणसाच्या दारात ओंजळ पसरू नये, आपल्याला जमेल तसे काम उभे करावे, आणि जोडीदार आला की त्याच्याशी बरोबरीच्या नात्यानेच बोलावे.