पहिलं माप देवाचं

एका गावात एक भोळा घरजावई होता. त्याचं नाव हैबती. नाव असं दांडगं, पण काही मोजायला सांगितलं की गड्याचा गोंधळ उडायचा.

त्याच्या मेहुण्याचं, केरबाचं, लग्न ठरलं. सासरे तात्याबा म्हणाले, "जावईबापू, वऱ्हाड मोजून गाड्यांत बसवायचं काम तुमचं. मोजणी बरोबर आली तर मांडवात मानाचा फेटा. चुकली तर पुढच्या लग्नाला घरी राहून म्हशी राखायच्या."

हैबतीची बायको चांगुणा, तिचा जीव टांगणीला लागला. नवऱ्याला फेटा नाही मिळाला तर चार बायकांत तोंड कसं दाखवायचं? तिनं ठरवलं, याला मोजायला शिकवायचंच.

तिनं त्याला कोंबडीची पिल्लं मोजायला बसवलं. पिल्लं इकडून तिकडे पळायची आणि हैबती एकाच पिल्लाला तीनदा मोजायचा.

"अहो, मोजलं की डालग्याखाली झाकायचं. मग ते पळत नाही."

"हात्तिच्या! एवढंच ना? आधी सांगायचं की!"

त्यानं एकेक पिल्लू मोजून टोपलीखाली झाकलं. हिशेब बरोबर आला! हैबतीला इतका आनंद झाला की तो दिवसभर स्वतःशीच हसत होता.

दुसऱ्या दिवशी मुलीकडची माणसं बोलणी करायला आली. सासूबाई चुलीपासून म्हणाल्या, "जावईबापू, किती जण आलेत बघा. तेवढा चहा टाकते."

हैबती डालगं घेऊनच ओसरीवर आला. मुलीचे मामा पुढेच बसले होते. "एक," हैबती म्हणाला आणि त्यांच्यावर डालगं घातलं.

"अहो, हे काय?" डालग्यातून मामांचा आवाज आला.

"हलू नका मामा. तुम्ही मोजलेले आहात."

मोडता मोडता लग्न वाचलं. चांगुणानं कपाळावर हात मारला. "माणसांना कुणी झाकतं का? मनातल्या मनात मोजायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही."

"हात्तिच्या! एवढंच ना? आधी सांगायचं की!"

मग लग्नाच्या जेवणासाठी खळ्यावर जोंधळा मोजायला काढला. तात्याबा पायली भरभरून ओतत होते आणि मोजायला हैबती. शेवटची पायली ओतून तात्याबांनी घाम पुसला.

"किती झाल्या?"

हैबतीनं छातीवर हात ठेवला.

"अहो, बोला की!"

हैबतीनं ओठ आणखी घट्ट मिटले. आकडा मनात होता, तो बाहेर कसा काढणार? तात्याबांनी सगळी रास पुन्हा मोजली. या खेपेला त्यांनी जावयाला नीट समजावलं, "मोजताना मोठ्यानं म्हणायचं. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. ते देवाचं. ते देवळात नेऊन ठेवायचं. दुसऱ्यापासून पुढचं सगळं माणसांचं."

"हात्तिच्या! एवढंच ना? आधी सांगायचं की!"

लग्नाच्या दिवशी वेशीवर मारुतीच्या देवळासमोर गाड्या जुंपल्या. तात्याबा म्हणाले, "नवरदेवासकट वीस माणसं. एक जरी कमी भरलं तरी फेटा विसरा."

चांगुणा श्वास रोखून बघत होती.

हैबतीनं सुरुवात मानानं, नवरदेवापासूनच केली. "लाभ!" तो मोठ्यानं ओरडला आणि केरबाला हाताला धरून देवळात घेऊन गेला. मारुतीपुढे बसवलं. पळू नये म्हणून दाराला बाहेरून कडी घातली. वर बजावलं, "जे काय बोलायचं ते मनातल्या मनात." केरबाला वाटलं, लग्नातली काहीतरी रीत असेल. तो गुपचूप बसून राहिला. बाहेरच्यांना वाटलं, नवरदेव मारुतीच्या पाया पडायला गेलाय, येईल मागनं.

हैबती बाहेर आला. पुढ्यात तात्याबा होते. "दोन!" मग तीन, मग चार. वीस म्हटलं आणि माणसं संपली. हिशेब चोख! तात्याबांना भरून आलं. "मांडवात नाही, फेटा इथंच बांधतो," ते म्हणाले. चांगुणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं.

गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीला वाटलं नवरदेव मागे आहे, मागच्या गाडीला वाटलं पुढे आहे.

मांडवात अंतरपाट धरला. पलीकडे हार घेऊन नवरी उभी राहिली. भटजी म्हणाले, "नवरदेवाला आणा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मुलीच्या बापाचा आवाज चढला, "नवरदेव कुठाय?"

तात्याबांना दरदरून घाम फुटला. "जावईबापू! केरबाला मोजलं होतं ना?"

"सगळ्यात आधी मोजलं," हैबती म्हणाला. "पहिलं माप देवाचं. ते देवळात पोचतं केलंय, वर कडी घातलीय."

मांडवात हलकल्लोळ उडाला. भटजी ओरडले, "अहो, मुहूर्त टळतोय!"

हैबतीला मात्र कसलीच घाई नव्हती. त्यानं फेटा सारखा केला आणि तात्याबांचा दंड धरून त्यांना अंतरपाटासमोर उभं केलं. "घाबरू नका तात्याबा. दुसऱ्यापासून पुढचं माणसांचं, तुम्हीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "दोन तुम्हीच आहात. भटजी, म्हणा मंगलाष्टका!"